बिनशिंगी पत्रक

आमच्या शेजारचे दिगंबरकाका रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन पेपर वाचतात आणि शब्दांची शिंगं कापतात. 'बेजबाबदार'मधलं 'बे', 'अकार्यक्षम'मधला 'अ', ही त्यांच्या भाषेत शिंगं. परभणीच्या एका कचेरीत जन्मभर टिपणं लिहिली, त्याचा हा परिणाम.

"कामरेड, शिंग दिसलं की माणूस सावध होतो. शिंग काढ, मग बघ कसं लागतंय!"

मी पत्रकं काढतो म्हणून मी कामरेड.

गल्लीच्या नळाला बारा दिवस पाणी नव्हतं. पंचमी तोंडावर, लेकीबाळी माहेरी येणार, आणि घागरी पालथ्या! काकांची सुमी पाच वर्षांत आली नव्हती, तरी दारातल्या लिंबाला झोका त्यांनी बांधलाच होता.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांवर मी पेटून लिहिलं, 'अकार्यक्षम, बेजबाबदार साहेबांचा धिक्कार असो!' काकांची पेन्सिल फिरली. छापलं ते असं: 'कार्यक्षम, जबाबदार साहेबांचे आभार. आमच्या घागरींना आता गळायची भीती उरली नाही.'

"आता झोंबंल बघ!" काका लय खूश.

चौथ्या दिवशी साहेबच गल्लीत हजर. शाल, नारळ, सोबत फोटोवाला! पत्रक त्यांनी फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं होतं म्हणे. शाल माझ्या अंगावर, नारळ काकांच्या हातात. "अशी जाणती जनता पाहिजे," म्हणाले आणि गेले. नळ कोरडाच.

समोरच्या शकुंतलाबाई ओरडल्या, "कामरेड, आता नारळातलं पाणी तरी वाटा गल्लीत!"

सगळे हसून लोळले. काका मात्र नारळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.

"टोमणा खरा धरला रे त्यानं."

"धरू द्या. उद्या शिंगांसकट लिहितो."

"सुमीनंबी खराच धरला होता."

सुमी सेलूला असते, रेल्वेनं तासाभराच्या आत. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा काका म्हणाले होते, "वा, लय शहाणी झालीस! आता बापाची काय गरज?"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. लिहिलेला, पण न पाठवलेला मेसेज: 'सुमे, पंचमीला तुला न्यायला येतो. बापाला तुझी गरज हाय.'

"नीट वाच, कामरेड. कुठं टोमणा वाटायलाय का?"

"नाही, काका."

"मग तूच दाब ते बटन. माझा हात परत कायतरी कापंल."