उगलेसाहेबांचा प्रभाव

सदाशिवराव उगले उंबरसाळ नगरपरिषदेतून निवृत्त झाले, पण त्यांचा प्रभाव निवृत्त झाला नाही. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन साहेब घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली, तर प्रभाव आपला नेहमीच्या खुर्चीत बसलेला. त्याला अंगकाठी अशी नव्हती. खुर्चीची गादी दबलेली दिसे, खोबरेल तेलाचा वास येई आणि आवाज हुबेहूब साहेबांचा, फक्त खोकला वजा. लहानू शिपायाने रोजच्यासारखा समोर चहा ठेवला. थोड्या वेळाने कप रिकामा झाला, तेव्हा बाकीचे लोक कामाला लागले.

मुख्याधिकारी काळोखेसाहेब तरुण होते आणि नियमाने चालणारे होते. खुर्चीत कोण बसलंय यावर त्यांची हरकत नव्हती. दारावरच्या पाटीवर काय लिहायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी रीतसर बैठक बोलावली. बांधकाम विभागाने ‘दबदबा’ सुचवला. पण दबदबा असलेल्या माणसाला लोक घाबरतात आणि इथे तर लोक पेढे घेऊन येतात, म्हणून तो मागे पडला. कोणी ‘वजन’ म्हणालं, तर काळोखेसाहेबांनी वजनमापांचं खातं वेगळं असल्याची आठवण करून दिली. लहानू दारातून म्हणाला की, गावात याला वशिला म्हणतात. त्यावर खुर्चीतून नाराजीचा आवाज आला. वशिला हा शब्द माणूस दुसऱ्याच्या बाबतीत वापरतो, स्वतःच्या बाबतीत ‘थोडी ओळख आहे’ असं म्हणतो, आणि भाषणात त्यालाच प्रभाव म्हणतात, असं खुर्चीने नोंदवलं. हे सर्वांना पटलं. पाटीवर ‘प्रभाव’ हे नाव लागलं. उगलेसाहेबांच्या जागी बदलून आलेल्या बाईंचं टेबल जिन्याखाली लावून दिलं; तिथे उजेड बरा होता, असं त्यांना सांगण्यात आलं.

सदाशिवरावांना हे कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली. संध्याकाळी पारावर बसणाऱ्या पेन्शनरांना त्यांनी तीन-तीनदा ऐकवलं. इतरांना निवृत्त झाल्यावर कचेरीतलं कुत्रंही ओळखत नाही आणि आपला प्रभाव अजून चहा पितो, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. कोणी भेटलं की ते सवयीने म्हणत, ‘कचेरीत जा, माझं नाव सांगा.’ काम काय आहे ते विचारत नसत. विचारायची गरजच काय होती?

मग एके दिवशी जेवताना इंदूबाईंनी ताटाशेजारी एक नोटीस ठेवली.

इंदूबाई म्हणजे साहेबांच्या पत्नी. भाजी मंडईच्या मागे नगरपरिषदेची एक खोली होती, तिथे त्या कित्येक वर्षं बालवाडी चालवत. भाजी विकणाऱ्या बायका सकाळी टोपली उतरवायच्या आधी पोर बाईंच्या हवाली करत आणि बाजार उठला की घेऊन जात. त्या खोलीत वाढलेली पोरं आता स्वतःची पोरं तिथे आणून सोडत होती. नोटिशीत म्हटलं होतं की, सोमवारपर्यंत खोली रिकामी करावी. ती जागा बंटीशेठ झगडे यांना व्यायामशाळेसाठी देण्यात आली आहे.

‘अहो, आजवर तुम्हाला कधी काही सांगितलं नाही,’ इंदूबाई म्हणाल्या. ‘हे एवढं बघा.’

हे खरं होतं. संसार झाला, पण बाईंनी नवऱ्याच्या खुर्चीकडून कधी काही मागितलं नव्हतं. सदाशिवरावांनी नोटीस घडी करून खिशात टाकली, दुसरी पोळी मागून घेतली आणि उद्याच बघतो म्हणाले. नोटीस त्यांना जरा गमतीची वाटली.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले तर त्यांच्याच खोलीबाहेर रांग होती. लहानूने वाकून नमस्कार केला, स्टूल दिलं आणि अगदी ओशाळून सांगितलं की नंबराने जावं लागेल, साहेबांची तशी शिस्त आहे. कोणत्या साहेबांची, हे सदाशिवरावांनी विचारलं नाही. दुपार कलली तेव्हा त्यांना आत सोडलं.

‘कोणाकडून आलात?’ प्रभावाने विचारलं.

हा प्रश्न सदाशिवरावांचाच होता. उभ्या नोकरीत त्यांनी तो समोर येणाऱ्या प्रत्येकाला मान वर न करता विचारला होता. उत्तर आलं की त्याप्रमाणे माणूस बसे किंवा उभा राही. जो कोणाकडूनच आलेला नसे, त्याला ते गुरुवारी या म्हणत. कुठल्या गुरुवारी, हे कधी सांगत नसत.

‘अरे, मी उगले. सदाशिव उगले.’

‘नाव नाही विचारलं. कोणाकडून आलात?’

‘कोणाकडून म्हणजे? मी माझ्याकडूनच आलोय.’

‘म्हणजे कोणाकडूनच नाही,’ प्रभाव सौजन्याने म्हणाला. ‘गुरुवारी या.’

सदाशिवराव तापले. सोमवारी खोली जाणार आणि हा गुरुवार दाखवतो. बंटीशेठला ती जागा कोणाच्या सांगण्यावरून दिली, असं त्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं. प्रभावाला राग आला नाही. त्याने कागद चाळले. बंटीशेठ झगडे उगलेसाहेबांकडून आले होते, असं त्याने सांगितलं; त्यांना बसवून घेतलं होतं आणि चहाही दिला होता.

तेव्हा सदाशिवरावांना एक लग्न आठवलं. पंगतीत बसले असताना एक दांडगा तरुण पाया पडला होता आणि त्यांनी तोंडातली जिलेबी न गिळताच म्हटलं होतं, ‘कचेरीत जा, माझं नाव सांगा.’ त्याचं काम काय होतं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. ते मुकाट्याने बाहेर आले.

आता स्वतःच्या प्रभावापर्यंत पोहोचायला ओळख काढणं भाग होतं. ते वॉर्डाच्या नगरसेवकाकडे गेले. नगरसेवक उठून उभा राहिला आणि म्हणाला की, साहेब, मी तिथे तुमचंच नाव सांगून कामं करून घेतो, तुम्हाला कोणाचं नाव सांगून पाठवू? रेशन दुकानदाराचं तेच. पारावरच्या पेन्शनरांनीही आपापल्या सुनांच्या बदल्या त्याच नावावर करून घेतल्या होत्या आणि त्याबद्दल साहेबांचे आभार मानले. शेवटी नाइलाजाने ते बंटीशेठकडे गेले. बंटीशेठ पुन्हा पाया पडला. दुसऱ्या कुठल्याही कामासाठी आपण साहेबांचं नाव साहेबांसाठी सांगायला तयार आहोत, फक्त हे एक काम सोडून, असं त्याने मनापासून सांगितलं. अख्खं गाव उगलेसाहेबांकडून आलेलं होतं. त्यामुळे उगलेसाहेबांना ज्याच्याकडून यावं असं कोणी उरलं नव्हतं.

रविवारी त्यांनी घरी सगळं सांगून टाकलं, जिलेबीसकट. बाई चिडतील म्हणून ते तयारीत होते. बाई चिडल्या नाहीत. पोरांच्या सतरंज्या धुऊन वाळत घातल्या होत्या, त्या त्यांनी काढून घड्या केल्या. ते बघून सदाशिवरावांना फार वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी इंदूबाई स्वतः निघाल्या. मागून साहेब. बाईंनी रांगेत उभं राहून आपला नंबर येऊ दिला आणि आत जाऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या.

‘कोणाकडून आलात?’

‘ते सांगते,’ इंदूबाई म्हणाल्या. ‘आधी तुम्ही सांगा. तुम्ही कोणाकडून आलात?’

हा प्रश्न त्या खुर्चीला आजवर कोणी विचारलेला नव्हता. गादी जरा हलली. कपातला चहा हळूहळू खाली गेला. पण प्रश्न रीतसर होता आणि प्रभाव शिस्तीचा होता, त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग पडलं.

‘येवलेकर मास्तरांकडून,’ प्रभाव म्हणाला.

येवलेकर मास्तर इंदूबाईंचे वडील. फार पूर्वी, लग्न ठरलं तेव्हा, ते उन्हातून चालत तेव्हाच्या नगराध्यक्षांकडे गेले होते. नगराध्यक्ष त्यांचे विद्यार्थी. मुलगा होतकरू आहे, माझी मुलगी देतोय त्याला, कुठेतरी चिकटवून घ्या, एवढंच मास्तर बोलले होते, आणि आयुष्यात पुन्हा कोणाकडे शब्द टाकला नव्हता. सदाशिवरावांनी मात्र प्रत्येक समारंभात आपण निव्वळ स्वतःच्या हिमतीवर वर आल्याचं सांगितलं होतं. निरोप समारंभातही सांगितलं. इंदूबाई पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते आठवून सदाशिवरावांना दारातच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘मी त्यांचीच मुलगी,’ इंदूबाई म्हणाल्या.

‘बसा, बाई,’ प्रभाव म्हणाला.

काळोखेसाहेबांना बोलावण्यात आलं. त्यांनी प्रकरण नीट समजून घेतलं. बंटीशेठ उगलेंकडून आलेले, उगले मास्तरांकडून आलेले, आणि बाई थेट मास्तरांकडून. तेव्हा बाईंचा हक्क वरचा, हे नियमाला धरून होतं. नोटीस जागच्या जागी रद्द झाली. बालवाडीतल्या पोरांच्या आया बाहेर टोपल्या घेऊन थांबल्या होत्या, त्यांना लहानूने जाऊन सांगितलं. बंटीशेठने व्यायामशाळेसाठी दुसरी जागा मागितली आणि त्याला गुरुवारी बोलावलं. इंदूबाई सरळ बालवाडीत गेल्या, सतरंज्या घालायच्या होत्या.

रद्द केल्याच्या आदेशाची प्रत तेवढी न्यायची राहिली होती. ती आणायला बाईंनी साहेबांना पाठवलं. सदाशिवराव रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर आत गेले आणि खाली बघत उभे राहिले.

‘कोणाकडून आलात?’

‘इंदूबाईंकडून.’

टेबलासमोरची खुर्ची आपोआप मागे सरकली. सदाशिवराव बसले. लहानूने बिनसाखरेचा चहा आणला, दोन कप.

‘बाई काही म्हणाल्या का?’ प्रभावाने हळूच विचारलं.

‘नाही,’ सदाशिवराव म्हणाले. ‘त्यावर काहीच बोलल्या नाहीत.’

मग दोघांनी खाली मान घालून चहा संपवला.