थोरला की धाकटा

दाढ दाखवून येतो, असं सांगून फ्रेमवाले तात्या दुकान बंद करून निघाले. दाढ अधूनमधून ठणकायची हे खरं, पण दवाखाना निवडला होता तो वेगळ्याच कारणासाठी. लेकीने ज्या मुलाशी लग्न करायचं म्हणून हट्ट धरला होता, त्याची मोठी बहीण तिथे दातांची डॉक्टर होती. ओळख न देता त्या घरचं वळण बघून यावं, असा तात्यांचा बेत.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात नळी अडकवली आणि मदतनीस बाईशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं.

"थोरल्याशी लग्न लागलं तेव्हाच मी ओळखलं, हिचा जीव धाकट्यात आहे."

तात्यांनी कान टवकारले. लेकीने पसंत केलेला मुलगा घरात धाकटाच होता.

"पण ताई, तो तिचा सख्खा दीर ना?"

"सख्खा कुठला? तो सासूच्या पहिल्या नवऱ्याचा. आणि तो नवरा मेलेला नाहीच. त्यांच्याच घरी ड्रायव्हर म्हणून राहिलाय."

उभा जन्म चौकटी जोडण्यात गेलेले तात्या, पण या घराचे कोपरे त्यांना काही केल्या जुळेनात. धाकटा ड्रायव्हरचा, तर थोरला कोणाचा? न राहवून त्यांनी विचारलं. तोंडातून नुसतं "आआ आआ" निघालं. दुखतंय असं समजून बाईंनी सुई टोचली. मग मदतनीस म्हणाली की थोरल्याची बायको रोज गच्चीवर धाकट्याला भेटते. तात्या खुर्चीत अर्धे उठून बसले, तशी दुसरी सुई बसली. एवढा त्रास देणारी दाढ पार किडलीच आहे, काढून टाकू या का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तात्यांच्या डोक्यात ड्रायव्हर घोळत होता. त्यांनी मान हलवली.

कापसाचा बोळा आणि बधिर ओठ घेऊन ते घरी आले. हे लग्न होणे नाही, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. लेकीचे डोळे भरले. कारण विचारल्यावर गच्ची, थोरला, धाकटा, ड्रायव्हर, असे एकेक शब्द बाहेर पडले. लेकीने डोळे पुसले.

"सासूचा पहिला नवरा का, बाबा?"

तात्यांनी चकित होऊन मान डोलावली. लेक हसत सुटली. ती रोज संध्याकाळी लागणारी मालिका होती.

बायको मात्र हसली नाही. डॉक्टरीणबाई कोणाच्या बाजूने आहेत, असं तिने विचारलं. धाकट्याच्या, असं तात्या बोबडं बोलले. बायकोचा चेहरा उतरला. थोरल्यासारखा सोशील माणूस या जगात नाही, असं तिचं ठाम मत होतं. ती तडक चपला घालून दवाखान्यात गेली.

परत आली ती दिवेलागणीला, घसा बसलेला, पण प्रसन्न.

"लग्न पक्कं करून आले. माणसं चांगली आहेत हो, फक्त चुकीच्या बाजूची आहेत. आपली पोर गेली की येतील ताळ्यावर."

तात्यांच्या जिभेला आता जरा जाग आली होती. मुलगा काय करतो, स्वभावाने कसा आहे, हे विचारलंस का, असं त्यांनी विचारलं.

बायको टीव्ही लावता लावता थांबली.

"कुठला मुलगा?"