न्हाणीघराची कडी परत मिळवल्याची हकीकत

वाचणार थोर जाणते, आणि लिहिणारास आपल्या अकलेचाच भरवसा नाही. तरी एका कडीपायी जे रण माजले ते विस्मरणात जाऊ नये, म्हणून जैसे घडले तैसे भीतभीत लिहिले आहे.

निवृत्त ग्रंथपाल राजमान्य राजश्री आजोबासाहेब यांजवर निमोनियाने अकस्मात स्वारी केली आणि उजव्या फुप्फुसाचा तळकोट काबीज केला. मग इस्पितळात औषधांची मातबर फौज उतरली, गनीम मोडला, ताप परागंदा जाहला, आणि साहेबांची स्वारी रिक्षातून घरी दाखल जाहली. निघतेसमयी डॉक्टरांनी फर्मान काढिले की, ताप गेला म्हणजे दुखणे गेले नव्हे. खोकला महिना-दीड महिना मुक्काम करील, ताकद यावयास तीन महिने लागतील, तोवर सबुरी. परंतु साहेबांचे मेहुणे समाचारास आले, ते डॉक्टरांहून थोर. त्यांनी बशीतली बिस्किटे फस्त करीत निवाडा दिला, "ताप गेला ना? मग झालं! दाजी, उगाच लाड करून घेऊ नका."

हे बोल जिव्हारी लागले. मग साहेबांनी कोणाची मसलत न घेता दुसरेच दिवशी न्हाणीघरावर चाल केली, आतून कडी घातली, पहिला तांब्या खांद्यापर्यंत नेला, आणि तिथेच दम सरला. साहेब स्टुलावर बसले ते बसलेच. कडी हातभर अंतरावर, परंतु परमुलखाइतकी दूर. हाक मारावी तर खोकलाच पुढे होऊन बोले. अखेर सुतार बोलावून दार उघडिले, आणि आजीसाहेबांनी उभ्या उभ्या कडी उखडवून आपल्या कपाटात बंदिवान केली.

तेथून साहेबांची अब्रू नुसत्या लोटलेल्या दाराआड स्नान करू लागली. आजीसाहेब बाहेर खुर्ची टाकून चौकीस बसत, आणि सूनबाई स्वयंपाकघरातून पुकारीत, "बाबा, पाठ राहिली का?" ज्या पुरुषाने उभ्या हयातीत बनियनवर गॅलरीत पाऊल टाकले नाही, त्यावर हा प्रसंग!

मग सबुरीची मोहीम सुरू जाहली. पलंगापासून गॅलरीपर्यंतचा मुलूख सर करून साहेब तेथेच खुर्चीत झोपी गेले. पुढे जिन्यावर स्वारी काढिली, ती मधल्या पायरीवरून माघारी आली. मेहुणे फोनवर पुसत, "अजून?" साहेबांऐवजी खोकलाच जबाब देई.

तीन महिने लोटले, डॉक्टरांनी छाती तपासून संतोष दर्शविला, आणि तह जाहला तो ऐसा की, कडी परत द्यावी. मात्र साहेबांनी आत असेतो मोठ्याने पाढे म्हणावे, आवाज थांबताच दार फोडिले जाईल.

स्वारी आत गेली, कडी लागली, पाण्याच्या आवाजासवे पाढे सुरू जाहले, आणि "सतरा साते" येथे एकाएकी शांतता पसरली.

"अहो! अहो, ऐकलंत का?" आजीसाहेबांनी दारावर धक्के दिले. सूनबाई सुतारास फोन लावू लागली.

आतून आवाज आला, "थांब गं. दम आहे. पुढचं आठवत नाही."

"एकशे एकोणीस! आणि निघा आता बाहेर!"

ऐसे जाहले. कडी आतून लागली आणि आतूनच, साहेबांनी स्वहस्ते उघडली, फत्ते जाहली. विजयी फौज कशीबशी पलंगापर्यंत पोचली आणि जेवणवेळ टळेतो झोपली. दाराशी खुर्ची मात्र अद्याप आहे आणि आजीसाहेब तीवर नित्य बसतात. ती चौकी उठावयास किती महिने लागतील, याविषयी डॉक्टरांचे फर्मान नाही.