तात्यांनी स्वतःचाच अपघात मिटवला

आमच्या कोपऱ्यावर दोन गाड्या नुसत्या एकमेकींना घासल्या, तरी गाडीवाले भानावर यायच्या आधी बाळूतात्या तिथं हजर. वरच्या मजल्यावरून हा माणूस इतक्या लवकर उतरतो कसा, हे मला आजवर कळलेलं नाही. मी तळमजल्यावर राहते. माझं पिको-फॉलचं मशीन खिडकीत आणि कोपरा अगदी नाकासमोर. ब्रेकचा आवाज ऐकून मी मान वर करेपर्यंत तात्या रस्त्याच्या मधोमध, एक हात ह्याच्या छातीवर, एक त्याच्या. "थांबा पावणं! आदी गाड्या बाजूला, मग आयमाय काढा!"

राजारामपुरीतल्या गल्ल्या आखीव सरळ, त्यामुळं प्रत्येकाला वाटतं रस्ता आपल्याच बापाचा. क्लासची पोरं, दवाखान्याला निघालेले लोक, रिक्षा. तात्यांना कामाला तोटा नाही. फौंड्रीतून रिटायर झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग, तोही बिनपगारी. पद्धत ठरलेली. भांडणाऱ्या दोघांना टपरीच्या बाकावर शेजारी शेजारी बसवायचं. समोरासमोर नाही, कारण "डोळ्याला डोळा भिडला की पुन्ना पेटतंय." मग चहा. कप रिकामा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग दोघांचं ऐकायचं, काहीतरी मधलं धरायचं, हातात हात द्यायला लावायचा आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "मिटलं! पोलीस न्हाय, कोर्ट न्हाय, जावा घरला!"

आणि एकदा मिटलं की मिटलं. एका गृहस्थाला घरी गेल्यावर आरसा फुटलेला दिसला म्हणून तो परत आला, तर तात्यांनी त्याला जिन्यातूनच हाकलला. "मिटल्यालं उकरतोस व्हय रं?"

अशा माणसाला श्रावणात एका स्कूटीनं उडवलं.

रुबिना नावाची मुलगी, पलीकडच्या क्लासमध्ये गणित शिकवते. तासाला उशीर झाला म्हणून तिनं वळण घाईत घेतलं आणि भाजी घेऊन येणारे तात्या आडवे. मी धावले. पोरगी थरथर कापत रडत होती. लोक तिच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. तेवढ्यात टोमॅटोंच्या मधून एक हात वर झाला. "पोरीला कुणी काय बोलायचं न्हाय! माजीच चूक हाय. मिटलं!" आडव्या माणसानं मिटवलेला हा आमच्या गल्लीतला पहिलाच अपघात.

जवळच्या दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, थोडी विश्रांती घ्या. तात्यांची छाती फुगली. "बगा वैनी, काय सुदीक झालं न्हाय."

पण चाल बिघडली होती. जिना चढताना मध्येच बसायचे. मी विचारलं की, "बसलोय जरा वाऱ्याला." अहो, आमच्या जिन्यात कधी वारा आलाय? मी चिडून म्हटलं, "तात्या, मला शेंड्या लावू नका!" शेवटी एका सकाळी ते पायरीवरून उठेचनात. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा खरं काय ते कळलं. खुब्याच्या हाडाला पहिल्याच दिवशी बारीक चीर गेली होती. पहिल्या फोटोत ती कुणाच्या लक्षात आली नाही आणि तात्यांनी चालून चालून हाड सरकवलं. आता खुब्याचा गोळाच बदलायचा, नाहीतर चालणं विसरायचं.

तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक सुरेखा, हातकणंगल्याला दिलेली. ती धावत आली आणि आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या गहाण टाकून तिनं ऑपरेशनचे पैसे भरले. सासरी पत्ता लागू दिला नाही. पण वैशाखात तिच्या नणंदेचं लग्न ठरलेलं. लग्नात मोकळे हात घेऊन फिरली असती, तर सासूच्या नजरेतून सुटलं असतं होय?

ऑपरेशन चांगलं झालं. माझ्याकडं साड्या टाकणाऱ्या एक वकीलबाई आहेत, त्यांना मी गाठलं. त्या म्हणाल्या, "मार नंतर मोठा निघाला तरी भरपाई मागता येते. रस्त्यात तोंडी मिटवलं म्हणून हक्क जात नाही. गाडीचा विमा असेल तर कंपनी देईल. फक्त अपघाताची पोलिसांत नोंद हवी."

मी उड्या मारत वर गेले. तात्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मिटल्यालं मी उकरू? गल्लीत तोंड कसं दावू? आन् त्या पोरीला पोलिसाच्या दारात हुभी करू?"

"तोंडाचं काय घेऊन बसलाय!" माझा पारा चढला. "सुरेखाचे हात बघा जरा! सासूला काय सांगायचं तिनं?"

तात्यांचे डोळे भरले.

ऑपरेशन झाल्यापासून रुबिना रोज संध्याकाळी क्लास सुटला की यायची, तात्यांना वॉकर धरून गॅलरीतून चालवायची. पाटल्यांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी तिला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. पोरगी तरातरा वर गेली, तिच्या मागं मी.

"तात्या, आपलं कधी मिटलं?"

"रस्त्यातच की."

"मला बाकावर बसवलं होतं? चहा दिला होता? माझं ऐकून घेतलं होतं? मी रडत होते आणि तुम्ही आडवं पडून ओरडलात. तुमचं तुम्ही एकट्यानंच मिटवलंय. माझं काय मिटलं न्हाई. त्या वळणावर मी अजून गाडी ढकलत नेते, तात्या! माझ्या गाडीचा विमा हाय. उद्या मीच जाऊन सांगते पोलिसांना."

इतक्या वर्षांत तात्यांना त्यांच्याच कायद्यात कुणी पकडलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "ह्ये मातर चुकलं माजं. वैनी, च्या टाका."

दोघं कॉटवर शेजारी शेजारी बसली. कप रिकामे होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग तात्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी रुबिना खरंच पोलिसांत गेली, दंडही भरला. पुढं कंपनीनं नेहमीचा खोडा घातला, की इतके दिवस हा माणूस हिंडत होता, मग हाड त्याच अपघातात मोडलं कशावरून? मोठ्या डॉक्टरांनी पहिला फोटो पुन्हा नीट पाहिला. चीर त्यातही होती, केसाएवढी. मला असं हायसं वाटलं म्हणून सांगू!

प्रकरण लोकअदालतीत गेलं. तात्या चहूकडं बघून खूश. "आरं तिच्या, हितं बी मिटवायचंच चाललंय की!" आमच्या वकीलबाईंनी एक आकडा सांगितला, कंपनीच्या वकिलांनी त्याच्या पार खालचा. आणि तात्यांची खोड उसळली. दोन्ही हात पसरून म्हणाले, "तुमचंबी ऱ्हाऊ दे, त्यांचंबी ऱ्हाऊ दे. मधलं धरा की पावणं!"

कंपनीच्या वकिलांनी लगेच पेन उघडलं. मी तात्यांना चांगल्या पायाला सणसणीत चिमटा काढला. "तात्या, ह्यातली एक बाजू तुमची हाय!" समोरच्या जज्जबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. "आजोबा, आज तुम्ही पंच नाही. गप्प बसा," म्हणाल्या आणि कंपनीला बऱ्यापैकी आमच्या आकड्याजवळ आणून ठेवलं. मी तिथंच बाकावर हुश्श करून बसले. नणंदेच्या हळदीच्या आधी सुरेखाच्या हातात पाटल्या परत आल्या होत्या.

त्यानंतर एका संध्याकाळी मी भाकरी द्यायला वर गेले आणि दारातच थबकले. सकाळी ताठ चालत जाऊन दूध आणणारा हा माणूस कॉटखालून वॉकर ओढून काढत होता.

"तात्या, हे काय नाटक? व्यायाम बंद करा म्हणालेत ना डॉक्टर?"

ते चोरासारखे दचकले. मग आवाज खाली आला. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "वैनी, पाय बरा झाला म्हणून कळलं तर पोरगी कशाला यील ओ? सांजच्याला घर लई मोठं वाटतंय."

मी वळले, तर मागं रुबिना. सगळं ऐकलं होतं तिनं. तिनं चपला काढल्या, ओढणी खोचली आणि काही झालंच नाही अशी आत आली.

"आज पाय जास्त दुखतोय वाटतं, तात्या? चला, खांदा धरा."

तात्यांनी तिचा खांदा धरला. "लई दुखतंय बग पोरी," ते म्हणाले, आणि तोंडावर असं हसू होतं की मला मान फिरवावी लागली.