दात झाका!

गेल्या गुरुवारी दुपारी चार वाजता, समोसे संपल्यावर, डॉ. शहनाज पटेल यांच्यावर अन्याय झाला. वरून तपासणीला आलेले साहेब समोर येताच बाईंनी मान खाली घातली आणि ओठ वाजवले. पच्‌ पच्‌ पच्‌. साहेब कानापर्यंत लाल झाले. संध्याकाळी नोटीस लागली: 'असभ्य हावभाव'. बाईंचं शिकवणं बंद, संस्थेत पाऊल टाकणंही बंद.

बाईंनी काय केलं होतं ते मी सांगते. त्यांनी नमस्कार केला होता.

शहनाज आपा (त्यांना सगळे आपाच म्हणतात) आमच्या संभाजीनगरच्या बाहेर एका संस्थेत माकडांच्या मेंदूचा अभ्यास करतात आणि नव्या पोरापोरींना तो शिकवतात. पडद्यावर ठिपका येतो, माकड ठिपक्याकडे बघतं, बक्षीस म्हणून नळीतून मोसंबीच्या रसाचा थेंब मिळतो. त्या वेळी मेंदूत काय चाललंय ते तारांमधून मोजतात.

मला हे मान्य नाही. आजही नाही. मी तिथं पहिल्यांदा गेले ती पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. पण नियमाप्रमाणे संस्थेच्या देखरेख समितीवर 'सामाजिक जाणीव असलेला' एक बाहेरचा माणूस लागतो. फाटकावर सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होते, म्हणून मला घेतलं.

पहिल्याच दिवशी मी आपांना ठणकावलं, "तुम्ही मुक्या जिवाला खुर्चीत डांबता!"

"व्हय," आपा म्हणाल्या. "बस."

"कुठं?"

"खुर्चीत. आधी बसायचं, मग बोलायचं. पत्रकवाली असली म्हणून काय झालं?"

माकडाच्या खुर्चीसारखीच माणसाच्या मापाची खुर्ची त्यांनी सुताराकडून करून घेतली होती. गळ्याभोवती फळी, तोंडात नळी, समोर ठिपका. नजर हलली की रस बंद. व्यवस्थेला जाब विचारायला गेलेली मी अर्धा तास मोसंबीच्या थेंबासाठी ठिपक्यावर टक लावून बसले. उठले तेव्हा आपांनी विचारलं, "आता लिही. काय काय दुखलं?" मी मानेबद्दल बोलले. पुढच्या आठवड्यात सगळ्या माकडांच्या खुर्च्यांच्या फळ्यांना गादी लागली.

येणाऱ्या प्रत्येक भावी शास्त्रज्ञाला आधी हीच खुर्ची. कुणी सुवर्णपदक सांगितलं की आपा म्हणायच्या, "ठेव तिकडं. ठिपका बघ."

आणि दुसरा नियम: दात झाक! माकडांच्या जगात दात दाखवले की एक तर तुम्ही घाबरलात, नाही तर चावणार आहात. डोळ्याला डोळा भिडवला की भांडण. दोस्ती करायची तर नजर खाली, आणि ओठ वाजवायचे. त्यामुळं आपांच्या वर्गात हसायला बंदी. कुणी विनोद केला की सगळा वर्ग तोंडावर बाही धरून थरथरायचा. आपांचे स्वतःचे दात तर आम्ही कुणी पाहिलेलेच नाहीत. सामूहिक फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरा हसा." आपा म्हणाल्या, "का रे, भांडायचंय का तुला?"

परीक्षा घ्यायला तात्या. तात्या म्हणजे तिथलं सगळ्यात म्हातारं माकड. त्याच्यावर आता प्रयोग होत नाहीत. नव्या पोरानं पिंजऱ्यासमोर ओठ वाजवायचे. तात्यानं उत्तर दिलं तर पोरगं पास. पिशोरचा गणेश लई वेळा नापास झाला, कारण त्याचे दात जन्मतःच पुढं. शेवटी आपांनी त्याला मिशा वाढवायला लावल्या. मग पास झाला.

हाच गणेश अजिंठ्याला मुलगी बघायला गेला. सवयीनं नजर जमिनीवर. मुलगी पोहे घेऊन आली तसे ह्यानं ओठ वाजवले. मुलीचे काका म्हणाले, "पोरगं लई संस्कारी हाय. मान वर केली नाय. आन् पोहे खायच्या आधीच आवडले!" लग्न ठरलं.

हे सगळं हसण्यासारखं आहे, मला कबूल आहे. पण नोटीस हसण्यासारखी नाही.

शुक्रवारी मी आपांच्या घरी गेले. शहागंजच्या मागं दोन खोल्या, राहणारं माणूस एकच. मी तडतडत होते. आपा शांतपणे चहा गाळत होत्या.

"पण आपा, साहेबांपुढं ओठ कशाला वाजवले?"

"तो आला तोच दात काढत आला. मला वाटलं, घाबरलाय बिचारा. धीर दिला."

भिंतीवर सिल्लोडचा एक फोटो होता, भावाच्या लग्नातला. मधोमध एक मुलगी डोळे मिटून, सगळे दात दाखवून हसत होती. मी विचारलं, "ही कोण?"

"मीच की. माझं हसणं चार गल्ल्यांत ऐकू जायचं. अब्बा ओरडायचे."

"मग?"

"तात्या आला तेव्हा एवढासा होता गं. मी हसले की कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. मग सोडलं." त्यांनी कप पुढं केला. "घरी हसता आलं असतं. पण घरी कुणाबरोबर हसणार?"

मी घोषणा देणारी बाई. मी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "तुला आत जाऊ देतात ना? तात्यासमोर ओठ वाजव. माझं नाव सांगू नको, त्याला नाव कळत नाय. नुसते वाजव."

शनिवारी मी गेले. आपांच्या जागी आलेले नवे सर पिंजऱ्यासमोर उभे राहून मोकळेपणानं हसत होते. तात्या भिंतीकडं तोंड करून बसला होता. सर गेल्यावर मी नजर खाली केली आणि ओठ वाजवले. तात्या हळूच वळला. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत त्यानं ओठ वाजवले, लगेच थांबला, परत वाजवले. दारात कुणी नव्हतं.

आपांना परत घ्यायचं की नाही, हे येत्या सोमवारी समितीच्या बैठकीत ठरणार आहे. मी आत भांडणारच आहे. पण माझं एकटीचं मत एकच धरतात. म्हणून तुम्ही सकाळी अकराला संस्थेच्या फाटकावर या. फलक नकोत. घोषणा नकोत, आणि हे मी सांगतेय, याची नोंद घ्या. साहेबांची गाडी आली की मान खाली घाला, दात झाका, आणि सगळ्यांनी मिळून ओठ वाजवा. तात्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.