शेलारनं शाळा पास केली

रामू शेलार कुठलीही गोष्ट एका नजरेत पसंत करत नसे. म्हैस घेताना सकाळची आणि संध्याकाळची, अशा दोन धारा काढून बघायच्या, हा आमच्या धंद्यातला रिवाज. या गड्यानं तो सगळ्या दुनियेला लावला. चप्पल घेतली तरी दुकानदाराला म्हणायचा, "दोन धारा बघू, मग बोलू." आमच्या लग्नानंतर माझ्या यमुनेच्या हातची आमटीसुद्धा त्यानं दोन वेळा जेवून मग पास केली. यमुना चिडली नाही, हसली. आता ती नाही. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हे लिहितोय. मी दुसरी शिकलेला, चुकलं तर चुकलं.

आरे कॉलनीतल्या एकाच गोठ्यात आम्ही दोघं धारा काढायचो. राहायलाही शेजारी. त्याची मंगल आईवेगळी पोर, म्हशींच्या पायांत वाढलेली. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. आमची शाळा सातवीला संपायची. गुरुजी म्हणाले, डॉक्टर व्हायचं तर शास्त्र शिकवणारी शाळा हवी. अंधेरीला तशा दोन होत्या, पण तिथं परीक्षा घेऊन मोजक्याच मुली घ्यायचे.

दुसरा बाप देवाला नारळ बोलला असता. शेलार फाटकाशी जाऊन उभा राहिला. सकाळी आत जाणाऱ्या पोरींची तोंडं बघायची, संध्याकाळी बाहेर येणाऱ्यांची.

शिपायानं हटकलं, "काय पाहिजे?"

"शाळा बघतोय."

"फॉर्म आत मिळतो."

"फॉर्म नंतर. आधी शाळा पास होऊ दे."

पहिली शाळा नापास. "पोरी संध्याकाळी आटलेल्या दिसतात रे," म्हणाला. दुसरीतल्या पोरी जाताना खिदळत होत्या, येतानाही खिदळत होत्या. ती पास.

मंगलनं लेखी परीक्षा दिली, मग मुलाखतीचं बोलावणं आलं. यमुनेनं तिच्या दोन वेण्या घट्ट घातल्या. शेलार एकटा जायला घाबरला, म्हणून मलाही ओढून नेलं.

मोठ्या बाईंनी विचारलं, "गुरांचीच डॉक्टर का? माणसांची का नाही?"

मंगल म्हणाली, "माणसं सांगतात कुठं दुखतं ते. म्हशीला कोण विचारणार?"

बाई हसल्या. मी मनात म्हटलं, जमलं! तेवढ्यात त्यांनी शेलारला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"पोर चुकली तर मारता का?"

"कधीतरी पट्टी द्यावी लागते."

"नका देऊ बाई. बिथरलेली म्हैस पान्हा चोरते."

मी टेबलाखालून त्याला लाथ घातली. बाईंचं हसू गेलं. "यादी शनिवारी लागेल," एवढंच म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बोललो, "वाट लावलीस पोरीची! तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला?"

त्याचा चेहरा उतरला. "पोरगी आठ तास तिथं राहणार, आणि मी विचारू नको?"

शनिवारपर्यंत तो नीट जेवला नाही. यादीसमोर आम्ही दोघं अक्षरं जुळवत बसलो. मंगलनंच बोट ठेवलं. शेवटून तिसरं नाव तिचं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी तिला सोडून तो सकाळच्या धारेला उशिरानं आला. एक म्हैस नुकती व्यालेली. रेडकाला चार घोट पाजायचे, पान्हा फुटला की ओढून बाजूला बांधायचं, हे काम शेलारनं जन्मभर डोळे मिटून केलं. त्या दिवशी दावं हातात धरून तो नुसता उभा. म्हैस रेडकाला चाटत होती.

गोठ्याचा शेठ लांबून ओरडला, "अरे शेलार, दूध सगळं त्यालाच पाजणार काय?"

मी म्हटलं, "ओढ ना रे."

"राहू दे," तो म्हणाला. "आज राहू दे तिच्याजवळ."

माझ्याकडे त्याची पाठ होती. मी बादली उचलली आणि त्याच्या वाटणीच्या म्हशीखाली जाऊन बसलो.