बाज क्रमांक सात आणि तिच्यावरचं वजन

माणूस आयुष्याचा एक तृतीयांश काळ आडवा असतो आणि उरलेला काळ आडवं होण्याची वाट पाहतो. म्हणूनच फर्निचर संग्रहालयात दोरीच्या बाजेला स्वतंत्र दालन आहे. दालनप्रमुखांनी अकरा वर्षं खपून तिचा इतिहास पहिल्या पायापर्यंत आणला होता. (पाय चार आहेत.) पूर्वी तीन पायांचीही बाज असे, हा त्यांचा सिद्धान्त, पुरावा इतकाच, की ती कुठेच सापडत नाही.

सोमवारी तपासणी होती आणि बाज क्रमांक सातला झोळ पडला होता. तो निघाला नाही, तर दालन मोडून तिथे कॅन्टीन होणार होतं. तीन आठवडे दालनप्रमुखांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी त्याच सकाळी बाजा विणणाऱ्या मावशींना बोलावलं. त्यांनी दातओठ खाऊन पायथ्याची दोरी ओढली.

"साहेब, नुसतं ओढून भागत नाही. कुणीतरी तासभर झोपायला हवं. अंगाचा भार पडला की दोरी बसते, मग पुन्हा ओढायची."

"नियम चौदा! बाजेवर कोणाही माणसाने बसू अगर झोपू नये."

"मग काय लोणचं घालायचंय तिचं?"

तातडीने उपसमिती बसली. (म्हणजे उभी राहिली, खुर्च्यांच्या दालनातही नियम चौदाच आहे.) माणूस चालत नाही, पण वस्तू चालते, असं ठरलं. त्यानुसार दालनप्रमुखांची नोंदवहीत रीतसर नोंद झाली: "वजन, नग एक. मध्यम आकार. वरच्या बाजूला टक्कल." त्यांनी अंग टाकायचा अवकाश, घोरायला सुरुवात. मावशींनी तीनदा दोरी ओढली, तरी साहेब ढिम्म.

तेवढ्यात तपासणीवाले आले. त्यांनी चपला काढल्या, आवाज खाली आणला आणि शेरा लिहिला: "बाजेचा उपयोग प्रथमच लक्षात आला." कॅन्टीन रद्द झालं.

अडचण एवढीच, की नोंदलेली वस्तू दालनाबाहेर नेता येत नाही. (नियम पंधरा.) बायको रोज तिकीट काढून येते. "किती वर्षांनी गाढ झोपलेत हो," ती रखवालदाराला सांगते, "जरा हळू बोला."

प्रेक्षक चौपट झाले आहेत. आता बाज क्रमांक आठसाठीही एक वजन भरायचं आहे. तुमचा अर्ज पोचला. पण तुमच्या साहेबांचाही आला आहे, आणि कार्यालयात झोपण्याच्या अनुभवाच्या रकान्यात त्यांनी तुमच्यापेक्षा नऊ वर्षं जास्त लिहिली आहेत.